कमावलेल्या कातड्यावरचे काळे डाग

बेळगाव जिल्ह्यातल्या अथणीकडच्या कोल्हापुरी चपलांचं कातडं बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं असतं. तळ शिवण्याआधी ते भिजवावं लागतं. आमच्याकडे उन्हाळ्यात बोअरचं पाणी सुरू झालं आणि सकाळी तळांवर निळसर काळे ठिपके दिसू लागले. बुरशी असती तर पुसली गेली असती. हे डाग आत मुरलेले होते.

कारण लोखंड. पाणी जुन्या गंजक्या पाइपातून येत होतं. साल आणि हिरड्यातल्या टॅनिनला, म्हणजे कातडं कमावणाऱ्या तुरट द्रव्याला, लोखंड भेटलं की काळा रंग धरतो. हिरड्याचा निळसर, बाभळीचा जरा हिरवट. जुनी काळी शाईसुद्धा अशीच बनायची.

लिंबाचा रस तेवढ्याच पाण्यात मिसळून मऊ फडक्याने पूर्ण तळावर फिरवला. नुसत्या डागावर लावू नका, तिथे फिकट चट्टा राहतो. थोड्या वेळात ठिपके विरले. मग स्वच्छ पाण्याने आंबटपणा नीट काढला आणि तळ सावलीत ठेवले. किंचित ओल असतानाच तेलाचा पातळ हात दिला, नाहीतर कातडं कडक होऊन तडकतं. जुने, गडद डाग मात्र पुसट होतात, पुरते जात नाहीत.

आता भिजवण प्लास्टिकच्या टबात, गाळलेल्या पावसाच्या पाण्यात.

काळे पट्टे हवे असतील तर लोखंडाचा हाच गुण कामी येतो: गंजके खिळे गुळाच्या पाण्यात आंबवायचे आणि ते पाणी कातड्यावर लावायचं. 2019 मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, त्यात बेळगाव जिल्हाही आहे. या चपलांची ओळखच सालीत कमावलेलं कातडं, म्हणून क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारांत कमावलेलं) कातडं झटपट मिळत असलं तरी मी सालीचंच घेतो.