अनोळखी माणूस दिसला की कुत्रा अंगावर जातो? त्याला बाहेर असं न्या

संध्याकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर हे दृश्य नेहमीचं. कुत्रा पट्टा ताणून मागच्या पायांवर उभा, समोरचे काका दचकलेले आणि मालक म्हणतोय, "काही करत नाही जी तो!" असा कुत्रा बहुतेक वेळा चिडलेला नसतो, घाबरलेला असतो. भुंकलं की माणूस लांब जातो, हे त्याला अनुभवानं कळलंय. म्हणून त्याला गप्प करण्याच्या मागे लागू नका, अंतर तुम्ही सांभाळा.

१. आधी डॉक्टर. शांत कुत्रा अचानक असा वागू लागला तर कान, दात किंवा सांधे दुखत असू शकतात. रेबीजची लस वेळेवर दिली आहे ना, तेही बघून घ्या.

२. साधनं. छातीवर बसणारा हार्नेस आणि सहा फुटांचा साधा पट्टा पुरे. बटण दाबून लांब होणारा पट्टा नको, ऐन वेळी कुत्रा आवरत नाही. चावण्याची भीती असेल तर मझल (तोंडाला बांधायचं मुसकं) घाला, पण टोपलीसारखा, जाळीचा. कुत्रा मुख्यतः धापा टाकून गार होतो. तोंड आवळून टाकणारा कापडी मझल नागपूरच्या मे महिन्यात जिवावर बेतू शकतो. मझलच्या आत खाऊ ठेवून घरीच काही दिवस सवय करा.

३. जागा आणि वेळ. फुटाळा, सेमिनरी हिल्स, अंबाझरी ही गर्दीची ठिकाणं सध्या विसरा. तुमच्याच ले-आऊटमधला रुंद, रिकामा रस्ता निवडा, जिथून माणूस लांबूनच दिसेल. उन्हाळ्यात पहाटेच निघा. संध्याकाळी डांबर बराच वेळ तापलेलं राहतं; हाताची मागची बाजू पाच-सात सेकंद टेकवून पाहा, तुम्हाला सोसवलं नाही तर त्यालाही सोसणार नाही.

४. खरं काम. माणूस दिसतोय, पण कुत्रा अजून भुंकत नाही, असं अंतर शोधा. एखाद्याला पन्नास फूट लागतात, एखाद्याला दोनशे. त्याने माणसाकडे पाहिलं की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा बारीक तुकडा द्या. माणूस दिसेनासा झाला की खाऊ बंद. क्रम महत्त्वाचा: आधी माणूस, मग चिकन. काही आठवड्यांनी माणूस दिसताच कुत्रा तुमच्या हाताकडे वळून पाहू लागेल. तेव्हाच अंतर थोडं कमी करा.

अंग ताठणं, तोंड एकदम मिटणं, ओठ चाटणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसणं या खुणा दिसल्या किंवा खाऊ नाकारला, तर तुम्ही फार जवळ आहात. मागे व्हा. आणि गुरगुरल्याबद्दल मारू नका. गुरगुरणं ही सूचना असते. ती दाबली तर पुढच्या वेळी तो न सांगता चावेल. 'दोन फटके दिले की सुधारतो' असं सांगणारे चौकाचौकात भेटतील, त्यांचं ऐकू नका.

५. माणूस अचानक समोर आला तर? "चल!" म्हणत हसऱ्या आवाजात उलटं वळा. हे वळण घराच्या अंगणात आधी घटवून घ्या. वळायला जागा नसेल तर उभ्या गाडीच्या आडोशाला जा आणि खाऊ जमिनीवर विखरा. कोणी हात पुढे केलाच तर स्पष्ट सांगा, "भाऊ, हात नका लावू, घाबरते तो." भिडेखातर गप्प राहू नका.

६. तरीही चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायला लावा आणि त्या माणसाला लगेच दवाखान्यात न्या. कुत्र्याची लस झालेली असली तरी हे टाळू नका.

तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी येणाऱ्या पोरांच्या सणाला, मात्र सरावाला सुट्टी. लाकडी नंदी घेऊन पोरांचे घोळके दारात येणार, बोजारा (खाऊ-पैसे) मागणार. कुत्र्याला आधीच आतल्या खोलीत ठेवा, पंखा आणि टीव्ही लावा, चघळायला काहीतरी द्या आणि बाहेरून कडी घाला.