'पाटील एस.' म्हणजे नेमकं कोण? संशोधनाच्या नोंदीतल्या या चुका टाळा

जळगाव, धुळे किंवा नंदुरबारच्या कुठल्याही कॉलेजात 'पाटील' अशी हाक मारा, दहा जण वळून बघतील. स्कोपस किंवा पबमेड या संशोधन-लेखांच्या ऑनलाइन नोंदवह्यांत 'पाटील एस.' शोधलं तरी तेच होतं. फरक इतकाच की तिथे 'मी नाही, तो' असं सांगायला कुणी नसतं. फार्मसी आणि मेडिकलच्या प्राध्यापकांना प्रमोशनचे, गाइडशिपचे अर्ज भरायला मी बरीच वर्षं मदत करतोय. काम चांगलं असूनही नोंद विस्कटलेली असल्याने माणूस अडतो, हे फार जवळून पाहिलंय.

मागच्या पावसाळ्यात एक मॅडम आल्या. सातपुड्यातल्या पाड्यांवर फिरून सिकलसेलचं काम केलेल्या. स्कोपस त्यांचा एच-इंडेक्स 3 दाखवत होतं, म्हणजे निदान तीन पेपरांना प्रत्येकी तीन किंवा जास्त सायटेशन (इतर लेखांनी दिलेले संदर्भ). त्यांचे पेपर सहा, सायटेशन 40, 22, 9, 6, 5 आणि 3. उतरत्या क्रमाने लावा: पाचव्या पेपरला 5 सायटेशन आहेत, सहाव्याला 6 नाहीत, म्हणून एच-इंडेक्स 5 यायला हवा. मग 3 कसा? 40, 9 आणि 5 वाले पेपर माहेरच्या नावावर, वडिलांच्या नावाच्या आद्याक्षरासह. 22, 6 आणि 3 वाले सासरच्या नावावर, नवऱ्याच्या आद्याक्षरासह. स्कोपसच्या लेखी त्या दोन वेगळ्या बाया होत्या आणि दोघींचाही एच-इंडेक्स 3.

आपल्याकडे हे फक्त लग्नामुळे होत नाही. चौधरी आडनाव इंग्रजीत लिहिताना कुणी शेवटी आय लावतं, कुणी वाय. एकच माणूस एका पेपरात पूर्ण नाव देतो, दुसऱ्यात नुसती आद्याक्षरं. पहिल्या पेपरालाच एक रूप ठरवा आणि मरेपर्यंत तेच ठेवा. लग्नानंतर घरी, बँकेत काय बदलायचं ते बदला, पेपरावरचं नाव बदलू नका. ऑर्किड आयडी, म्हणजे संशोधकाचा ओळख क्रमांक, काढा. 2012 पासून ही सोय आहे, 16 अंकी नंबर फुकट मिळतो आणि नाव बदललं तरी तो बदलत नाही. आधीच फुटलेली प्रोफाइल जोडायला स्कोपसवर ऑथर फीडबॅक विझार्ड आहे, त्यालाही पैसे लागत नाहीत. मात्र दुरुस्ती लगेच दिसत नाही. अर्जाची शेवटची तारीख उद्यावर आल्यावर धावपळ करून उपयोग नसतो.

उलटी चूक गूगल स्कॉलर या गूगलच्या लेख शोधायच्या सेवेवर होते. तिथे पेपर आपोआप जोडायची सेटिंग चालू असली की दुसऱ्याच पाटलांचा काँक्रीटवरचा पेपर फार्माकोलॉजीच्या प्राध्यापकाच्या खात्यात येऊन बसतो. मुलाखतीत समितीला तो दिसला की माणूस खोटा ठरतो, त्याची काही चूक नसताना. 'आधी मला ईमेल करा' हा पर्याय निवडा आणि दर महिन्याला यादी डोळ्यांखालून घाला. एकच पेपर दोनदा दिसत असेल तर दोन्हींवर टिक करून मर्ज करा.

संस्थेचं नावही असंच फुटतं. आपलं जळगावचं विद्यापीठ 1990 साली उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ म्हणून सुरू झालं, 2018 मध्ये ते कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ झालं. आजही कुणी जुनं नाव लिहितं, कुणी नुसतं केबीसीएनएमयू हे इंग्रजी लघुरूप. पूर्ण अधिकृत नाव लिहा, पुढे जळगाव लिहा.

जर्नलबद्दल थोडक्यात सांगतो, पण हे मनावर घ्या. आयएसएसएन हा फक्त नोंदणी क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे. पबमेडवर पेपर दिसतो म्हणजे जर्नल मेडलाइनमध्ये, म्हणजे निवडक वैद्यकीय जर्नलांच्या सूचीत, आहेच असं नाही. एनएलएम (अमेरिकेची नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन) कॅटलॉगमध्ये जर्नलचं नाव टाकून तपासा. यूजीसीने मान्य जर्नलांची केअर यादी 2025 मध्ये बंद केली, त्यामुळे 'यूजीसी मान्य' म्हणून व्हॉट्सअॅपवर येणाऱ्या जाहिरातींना भुलू नका. तीन दिवसांत पेपर छापून देतो म्हणणाऱ्याने तो तपासायचा कधी?

आणि इम्पॅक्ट फॅक्टर हा जर्नलचा असतो, तुमच्या पेपरचा नाही. जर्नलच्या मागच्या दोन वर्षांतल्या लेखांना यंदा सरासरी किती सायटेशन मिळाली, एवढंच तो सांगतो. मोजक्या गाजलेल्या लेखांमुळे ती सरासरी वर जाते. सगळ्या पेपरांच्या इम्पॅक्ट फॅक्टरची बेरीज करून अर्जावर लिहिणारे मी पाहिलेत. त्या आकड्याला काही अर्थ नाही.

एच-इंडेक्स लिहितानाही तो कुठला हे लिहा. गूगल स्कॉलर प्रबंध, परिषदांचे लेखही धरतं, म्हणून तिथला आकडा बहुधा मोठा दिसतो. एकाचा स्कॉलरवरचा आणि दुसऱ्याचा स्कोपसवरचा आकडा शेजारी मांडला तर तुलना चुकते. मॅडमची दोन्ही प्रोफाइल जुळल्यावर आम्ही त्यांच्या अर्जात तसंच लिहिलं: एच-इंडेक्स 5, स्कोपस, आणि पुढे पाहिल्याची तारीख.