चाको कॅन्यनला जाताय? प्वेब्लो बोनितोच्या भिंती अशा वाचा

प्वेब्लो बोनितो म्हणजे अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात, चाको कॅन्यन या दरीत असलेले एका जुन्या, अनेक मजली दगडी वस्तीचे अवशेष. तिथे जाणारे बरेच जण ते अर्ध्या तासात उरकतात, फोटो काढतात आणि निघतात, मला फार वाईट वाटतं. निदान तीन तास ठेवा. शेवटचा बराच रस्ता कच्चा आहे, पाऊस झाला की नुसता चिखल, आत खायला काही नाही, पेट्रोल नाही, सगळं आधीच भरून घ्या.

सकाळी लवकर जा, तिरक्या उन्हात दगडांचे थर स्पष्ट दिसतात. आधी भिंतीची जाडी बघा. साधारण इ.स. 850 पासूनचं जुनं काम म्हणजे एकेरी दगड आणि भरपूर माती, आणि नंतरचं काम म्हणजे दोन्ही बाजूंना घडीव चपट्या दगडांची साल आणि मधे दगडमातीची भर, खाली रुंद वर अरुंद. एवढं ओळखता आलं की कुठली खोली आधीची कुठली नंतरची ते तुमचं तुम्हालाच कळायला लागतं! आणि हे सुंदर दगडकाम तेव्हा गिलाव्याखाली झाकलेलं असायचं बरं का.

मग वर बघा. तुळयांच्या भोकांच्या रांगा मोजल्या की मजले कळतात, काही ठिकाणी चार तरी होतेच. त्या तुळया 75 किलोमीटरहून लांबच्या डोंगरांतून आणल्या, चाकं नाहीत, बैल नाहीत, सगळं माणसांनी वाहून. कोरड्या हवेमुळे लाकूड टिकलं म्हणून झाडाच्या वलयांवरून तोडल्याचं वर्ष काढता येतं, 1929 मधे डग्लस या अमेरिकी खगोलशास्त्रज्ञांनी आजच्या झाडांपासून मागे जाणारी वलयांची सलग साखळी जुळवली. अरुंद वलय म्हणजे दुष्काळ, आणि 1130 नंतरची वलयं बघितली की इथलं बांधकाम का थांबलं याचा अंदाज येतो.

किव्हा म्हणजे जमिनीत उतरलेली गोल खोली, विधींसाठीची. आत उतरू नका, काठावरून चूल शोधा, मग हवा आत यायची वाट, आणि दोन्हींच्या मधे वारा अडवायला उभी केलेली आडोशाची भिंत.

खापराचा तुकडा दिसला तर वाकून बघा पण उचलू नका, कायद्याने गुन्हा आहेच, शिवाय तो कुठे पडलाय यातच त्याची अर्धी माहिती असते. आणि हे बांधणाऱ्या लोकांना ‘अनासाझी’ म्हणू नका, तो नावाहो या दुसऱ्या मूळनिवासी जमातीचा शब्द आहे आणि त्याला शत्रूच्या पूर्वजांचा अर्थ आहे. होपी, झुनी, अकोमा या आजच्या मूळनिवासी लोकांच्या पूर्वजांची ही घरं, ते आजही त्यांना आपलीच मानतात.