एडिसनमध्ये घर, न्यूयॉर्कमध्ये नोकरी: नव्याने येणाऱ्यांसाठी

न्यूजर्सीतल्या एडिसनला आलेली माणसं पहिल्याच आठवड्यात ओक ट्री रोडला चक्कर मारतात आणि ज्वारीचं पीठ, कढीपत्ता, पाणीपुरी बघून निर्धास्त होतात. किराण्याची काळजी इथे खरंच नाही, त्यामुळे घर शोधताना दुकानं किती जवळ आहेत ते बघू नका. स्टेशनपर्यंत रोज कसं जाणार, ते आधी ठरवा.

एडिसनचं स्वतःचं स्टेशन आहे, पण जास्त गाड्या शेजारच्या आयसलिनमधल्या मेट्रोपार्कला थांबतात. स्टेशनवरचं मासिक पार्किंग लगेच मिळेल असं धरून घर घेऊ नका. आधी चौकशी करा, मगच भाडेकरारावर सही. आणि पेन स्टेशनं दोन आहेत. गाडीला आधी न्यूअर्क पेन लागतं, मग न्यूयॉर्क पेन. नवखी माणसं 'पेन स्टेशन' एवढंच ऐकून गर्दीबरोबर न्यूअर्कला उतरतात. ऑफिस वर्ल्ड ट्रेड सेंटरजवळ असेल, तर मात्र न्यूअर्कलाच उतरून पाथ, म्हणजे न्यूजर्सीहून मॅनहॅटनला जाणारी वेगळी रेल्वे, पकडायची.

न्यूजर्सीत डिपॉझिट जास्तीत जास्त दीड महिन्याच्या भाड्याएवढं घेता येतं आणि घर सोडल्यावर 30 दिवसांत ते हिशेबासकट परत द्यावं लागतं. घरमालक स्वतः त्याच लहान इमारतीत राहत असेल, तर नियम थोडे वेगळे आहेत. सामान लावायच्या आधी प्रत्येक खोलीचे, ओव्हनच्या आतले आणि गालिच्यावरच्या डागांचे फोटो काढून घरमालकाला ईमेल करा.

आता सगळ्यात महागात पडणारी गोष्ट. एडिसनमध्ये राहून मॅनहॅटनमध्ये काम करणाऱ्याला दोन राज्यांची विवरणपत्रं भरावी लागतात. रुजू होताना एचआर आयटी-2104 नावाचा फॉर्म देतं. त्यात वरच्या बाजूला प्रश्न असतो, तुम्ही न्यूयॉर्क शहराचे रहिवासी आहात का? ऑफिस शहरात आहे म्हणून लोक 'हो'वर खूण करतात आणि दर पगारातून 3 टक्क्यांहून जास्त शहर-कर कापला जातो. उत्तर 'नाही' आहे. शहर-कर तिथे राहणाऱ्यांना लागतो. बाहेरून कामाला येणाऱ्यांवरचा कर 1999 मध्येच रद्द झाला. कापलेले पैसे विवरणपत्र भरल्यावर परत मिळतात, पण तोवर अडकून पडतात. म्हणून पहिली पगारस्लिप ओळ न् ओळ वाचा.

विवरणपत्र भरताना क्रम चुकवू नका. आधी न्यूयॉर्कचा अनिवासींचा आयटी-203 पूर्ण करा. त्यात निघालेला कर घेऊन मग न्यूजर्सीचा एनजे-1040 भरा आणि दुसऱ्या राज्यात भरलेल्या कराची सवलत मागा. उलट क्रमाने भरलं, तर सवलतीच्या जागी शून्य येतं आणि त्याच पगारावर दोनदा कर बसतो. 'पैसे न्यूयॉर्कने कापले, न्यूजर्सीला कशाला कळवायचं?' असं सांगणारे आपलेच लोक गेस्टहाऊसमध्ये भेटतील. त्यांचं ऐकू नका. नोटीस उशिरा येते आणि दंड-व्याज घेऊन येते. घरून काम केलेले दिवसही, कंपनीच्या गरजेपोटी नसतील तर, न्यूयॉर्क आपल्याच हिशेबात धरतं. पेनसिल्व्हेनियाशी न्यूजर्सीचा करार आहे, पगारावरचा राज्य-कर राहत्या राज्यालाच द्यायचा; न्यूयॉर्कशी तसा करार नाही, त्यामुळे फिलाडेल्फियात काम करणाऱ्या मित्राचा सल्ला तुम्हाला लागू नाही.

गाडीच्या परवान्यासाठी मोटार व्हेईकल कमिशनला 6 गुणांची ओळखपत्रं (प्रत्येक कागदाला ठरावीक गुण असतात) आणि पत्त्याचा पुरावा लागतो. लेखी परीक्षेत 50 पैकी 40 बरोबर हवेत. रूट 1 वर डावीकडे वळायला बऱ्याच ठिकाणी उजव्या लेनमधून जगहँडल, म्हणजे उजवीकडून बाहेर पडून वळसा घेणारा रस्ता, घ्यावा लागतो, म्हणून डाव्या लेनमध्ये ताटकळू नका. पेट्रोल स्वतः भरायचं नाही, इथे कायद्याने बंदी आहे.

गावात निम्म्याहून अधिक लोक आशियाई वंशाचे, त्यात गुजराती आणि तेलुगू पुष्कळ. मराठी माणसं 'मराठी विश्व' या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमांत भेटतील, जरूर जा. पण ग्रीन कार्डच्या गप्पांपलीकडे आपली माणसं जात नाहीत, याचं वाईट वाटतं. रूट 1 वर 1948 ते 2004 फोर्डचा कारखाना होता. तिथे आयुष्य घालवलेली माणसं अजून शेजारी राहतात. बर्फ पडल्यावर फुटपाथवर किती मीठ टाकायचं आणि बॉयलर कोणाकडून तपासून घ्यायचा, हे त्यांनाच विचारा.