मोठ्यांच्या आयसीयूतून पीआयसीयूत, म्हणजे लहान मुलांच्या आयसीयूत, ड्युटीला जाताय? दम्याचं एवढं बघून जा

पुण्यात दिवाळीचे फटाके आणि पाठोपाठ थंडी आली की दम्याचे पेशंट वाढतातच, आणि नेमकी तेव्हाच ड्युटी बदलते, म्हणून लिहितोय.

आधी पोराचं वजन घ्या. दम्याच्या जोराच्या झटक्यात मोठ्यांना मॅग्नेशियम सल्फेट 2 ग्रॅम, 20 मिनिटांत शिरेतून, विषय संपला. पोराला किलोमागे 25 ते 50 मिलिग्रॅम, आणि पोरगं कितीही गुबगुबीत असलं तरी 2 ग्रॅमच्या वर जायचं नाही, बीपी बघत राहायचं. साल्ब्युटामॉलचं नेब्युलायझेशन (श्वासनळ्या मोकळ्या करणाऱ्या औषधाची वाफ) आणि स्टिरॉइड दोघांनाही, फक्त डोस वेगळे.

मोठा माणूस धाप लागली तरी बायपॅपचा (दाबाने हवा देणाऱ्या मशीनचा) मास्क सांगितल्यावर सहन करतो. तीन वर्षांचं पोर मास्क दिसला की किंचाळतं, आणि रडलं की दम आणखी वाढतो. त्याला आईच्या मांडीवर बसवा, 'बाई, हलवू नका त्याला' असं तिला सांगा, आणि हाय फ्लो (नाकातल्या नळीतून जोरात ऑक्सिजन) लावून बघा.

पोराच्या छातीत एकाच बाजूला शिट्टी ऐकू येतेय? शेंगदाणा खाल्ला होता का ते विचाराच, श्वासनळीत अडकलेला असू शकतो. साठीतल्या काकांना मात्र हार्ट आणि सीओपीडी (फुफ्फुसांचा जुना आजार) तपासा.

दमलेल्या पेशंटचा रक्तातला कार्बन डायऑक्साइड नॉर्मल आला तर खूश होऊ नका, धाप लागली असताना तो कमी यायला हवा; लहान असो की मोठा, पेशंट थकत चाललाय. शिट्टी अचानक बंद झाली तर हवा आतच जात नसेल, सिनियरला लगेच हाक मारा. व्हेंटिलेटर शेवटी, आणि लावलाच तर रेट कमी, श्वास सोडायला भरपूर वेळ. बीपी धाडकन पडलं तर सर्किट (व्हेंटिलेटरची नळी) काढून छातीत अडकलेली हवा बाहेर जाऊ द्या, न्यूमोथोरॅक्स (फुफ्फुसाबाहेर हवा साठणं) आहे का बघा.