पाण्याचा थर आणि न जुळणारं शिखर
पाण्याखालच्या स्फोटाचा कृत्रिम सिस्मोग्राम (संगणकाने काढलेला हादऱ्यांचा आलेख) काढायला क्रस्ट १.० या पृथ्वीच्या कवचाच्या जागतिक मॉडेलमधून थर उचलले. पहिल्याच रनला सगळीकडे ‘नॅन’, म्हणजे ‘ही संख्याच नाही’. पाण्यात एस-लहरींचा (आडव्या कंपनाच्या लहरींचा) वेग शून्य, आणि प्रोग्राम त्यानेच भागत होता. बरेच जण तिथे ०.००१ टाकून वेळ मारून नेतात. मला ते पटत नाही. द्रव थर वेगळा हाताळणारा कोड घेतला.

खरी मेख खोलीत होती. क्रस्ट १.० ची चौकट एका अंशाची, म्हणजे उत्तर-दक्षिण सुमारे १११ किमी. तिच्यात पाण्याची सरासरी खोली ३०० मीटर. सागरी नकाशात स्फोटाच्या जागी मात्र १००. कठीण तळावर पाण्याचा मूळ अनुनाद (ज्या वारंवारतेला थर सर्वाधिक थरथरतो ती) म्हणजे वेग भागिले चौपट खोली. १५०० मी./से. धरले की १.२५ ऐवजी थेट ३.७५ हर्ट्झ! प्रत्यक्ष नोंदीतलं वारंवारतेचं शिखर ३.६ च्या आसपास होतं. तळाशी गाळाचा पातळ थर घातला, उरलेला फरकही मिटला. मोहोला (कवच आणि खालचं प्रावरण यांच्या सीमेला) हातसुद्धा लावावा लागला नाही.