सागाचा घेर वाढत नाही? विरळणी-छाटणीतल्या या चुका टाळा

सातारा-सांगली भागात पाटण, जावळी, शिराळ्याच्या डोंगरउतारांवर आणि कराड-वाळव्याच्या उसाच्या बांधांवर साग लावणारे शेतकरी बरेच आहेत. तक्रार एकच ऐकू येते: झाडं उंच गेली, पण जाड होत नाहीत. दोष रोपवाटिकेला दिला जातो. बहुतेक वेळा रोप चांगलंच असतं. दाटीतली झाडं वेळेवर कमी केलेली नसतात, म्हणजे विरळणी झालेली नसते.

एकही झाड न तोडणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. 2×2 मीटरवर एकरी साधारण 1000 झाडं बसतात. सुरुवातीला ही दाटी हवीच, त्यामुळे खोड सरळ वर जातं. पण चौथ्या ते सहाव्या वर्षी शेंडे एकमेकांना भिडतात. साग उन्हाचा भुकेला. ऊन फक्त शेंड्यावर पडू लागलं की खालच्या फांद्या वाळतात, पानांचा पसारा आखडतो आणि घेर जागच्या जागी राहतो.

पैसा घेरातच आहे. इंचातल्या घेराचा चौथा भाग घ्या, त्याचा वर्ग करा, फुटातल्या लांबीने गुणा आणि 144 ने भागा, म्हणजे घनफूट मिळतात. 10 फुटी ओंडक्याचा घेर 24 इंच असेल तर 2.5 घनफूट भरतात, 36 इंच असेल तर 5.6. घेर दीडपट, लाकूड सव्वादोन पट. शिवाय बारीक झाडात पांढरं लाकूडच जास्त, गाभा थोडा. भाव गाभ्याला मिळतो.

पहिल्या विरळणीत तिरप्या ओळी धरून एकाआड एक ओळ काढा. एकरी 500 झाडं उरतात, अंतर सुमारे 2.8 मीटर होतं. दुसरी विरळणी आठव्या ते बाराव्या वर्षात. या वेळी ओळ बघू नका, झाड बघा: वाकडं, दुबेळकं (दोन फाट्यांचं), खोडकिडा लागलेलं, शेजाऱ्याखाली दबलेलं आधी काढा. एकरी 250 च्या आसपास ठेवा. ठेवायच्या झाडांना आधी रंगाचा पट्टा मारा, मगच तोडणाऱ्याला आत सोडा.

व्यापारी जाड झाडं मागतो आणि बारीक ठेवायला सांगतो. तसं कधीही करू नका. एकाच वयाच्या बागेत बारीक राहिलेलं झाड मागे पडलेलं असतं. मोकळीक दिली तरी ते क्वचितच भरून काढतं.

उशीर झाल्यावर एकदम मोकळं करणे

बारा वर्षं हात न लावलेल्या बागेत एका दमात निम्मी झाडं काढली, तर उरलेली काटकुळी झाडं वाऱ्याने वाकतात आणि अचानक ऊन लागल्याने खोडावर धुमारे फुटतात. दोन-तीन टप्प्यांत, मध्ये दोनेक वर्षं ठेवून विरळा. धुमारे कोवळे असतानाच हाताने मोडा. तोडलेल्या बुंध्यांना फूट येतेच, तीही काढत राहा.

कोयत्याने फांद्या उतरवणे

वरून घाव घातला की फांदी आपल्या वजनाने साल सोलत खाली येते. बोटभर खुंट राहिला तर तो वाळतो, कुजतो, तिथून खोडकिड्याला वाट मिळते आणि फळीत मेलेली गाठ येते. पानगळीत, कोरड्या हवेत, करवतीने छाटा. फांदी अंगठ्याएवढी असतानाच काढली तर जखम लवकर भरते. जाड असेल तर आधी खालून तिसरा हिस्सा कापा, मग थोडं बाहेर सरकून वरून, आणि शेवटी उरलेला खुंट फांदीच्या बुडाशी असलेल्या फुगवट्यालगत काढा. फुगवटा मात्र कापू नका. जखम भरणारी साल तिथूनच येते. झाडाच्या वरच्या अर्ध्या उंचीतल्या फांद्यांना हात लावू नका. भाताच्या तरव्याला राब म्हणून, म्हणजे रोपांच्या वाफ्यावर जाळायला, सागाच्या फांद्या ओरबाडल्या तर त्या वर्षीची वाढ गेलीच समजा.

बांधाजवळ पाचट पेटवणे

ऊस गेला की फडात पाचट पेटतं आणि बांधावरच्या सागाचा बुडखा भाजतो. साल वरून शाबूत दिसते, आत मात्र मेलेली असते. काही वर्षांनी बुंधा पोकळ निघतो. पाचट कुजवा, निदान बांधाकडेचं आत ओढून घ्या. डोंगरउतारावर गवत वाळायच्या सुमारास जाळरेषा काढा, म्हणजे आग अडवायला गवत काढलेला मोकळा पट्टा ठेवा.

जमीन न बघता लावणे

सागाला पाण्याचा निचरा होणारी खोल जमीन हवी. कृष्णाकाठच्या पाणी साचणाऱ्या काळ्या रानात मुळं गुदमरतात. जांभ्याच्या सड्यावर मुळांना खोलीच मिळत नाही. माण-आटपाडीच्या उथळ मुरमावर पाण्याशिवाय साग खुरटाच राहतो.

प्रत्येक अळीवर फवारणी

जून-जुलैत कोवळी पानं फस्त करणारी अळी वाढ मारते. लहान बागेत अळी बारीक असतानाच बीटी (अळी मारणारं जैविक औषध) फवारा. पावसाळा सरताना पानांची जाळी करणारी अळी वेगळी. पानं तेव्हा गळायलाच आलेली असतात, त्यावर खर्च करू नका.

परवानगीचा विचार शेवटी करणे

साग स्वतःच्या रानातला असला तरी महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 लागू होतो. विरळणी हीसुद्धा तोडच. झाडांची नोंद सातबाऱ्यावर आधीच करून घ्या, हद्द मोजून ठेवा आणि विरळणीच्या हंगामाच्या काही महिने आधी वन विभागाकडे अर्ज द्या. माल गाडीत भरण्याआधी वाहतूक पासही हातात हवा.